औषधाला पुरून उरणारे जंतु



घरांत कोणी तापानें किंवा गळवानें आजारी पडलें, डॉक्टरांनीं औषध दिलें, तिसऱ्या दिवशीं ताप उतरला, आठवड्यानें माणूस हिंडूंफिरूं लागलें, आणि पुढें तीन आठवड्यांनीं तेंच दुखणें पुन्हां दाराशीं येऊन उभें राहिलें, असा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांना असेल. अशा वेळीं आपण दोन कारणें सांगतों. एक तर औषध कमी पडलें, किंवा जंतूंना त्या औषधाची संवय झाली. दोन्ही कारणें खरीं असूं शकतात. परंतु आणखी एक तिसरें कारण आहे, आणि तें या दोहोंहून निराळें आहे. औषध योग्य होतें, मात्रा पुरेशी होती, जंतूंना त्याची संवयहि झालेली नव्हती. तरीहि थोडे जंतु वांचले, आणि वांचले ते अंगीं कांहीं विशेष बळ होतें म्हणून नव्हे, तर औषध आलें तेव्हां ते स्वस्थ पडून होते म्हणून. ही गोष्ट १९४४ सालीं एका आयरिश प्राध्यापकानें प्रयोगानें दाखवून दिली, आणि नंतर जवळजवळ चाळीस वर्षें बहुतेक जंतुशास्त्रज्ञांनीं ती बाजूला ठेवली. त्या गोष्टीचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

पेनिसिलिनच्या शोधाची कथा शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असते, म्हणून ती लांबवीत नाहीं. १९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीच्या आसपासचे जंतु विरघळलेले दिसले. १९४० च्या मे महिन्यांत ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनीं आठ उंदरांना प्राणघातक जंतु टोंचले व त्यांतील चारांनाच पेनिसिलिन दिलें. ते चार जगले, उरलेले चार दुसऱ्या दिवशींच्या पहांटेपर्यंत मेले. १९४१ च्या फेब्रुवारींत अल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या त्रेचाळीस वर्षांच्या पोलीस शिपायावर या मंडळींनीं तें वापरलें. पांच दिवसांत तो उठून बसण्याच्या बेतांत आला, पण औषधाचा सांठा संपला. त्याच्या लघवींतून बाहेर पडणारें पेनिसिलिन परत मिळवून तेंच त्याला टोंचण्यापर्यंत मजल गेली होती. १५ मार्चला तो वारला. ही हकीकत औषधाच्या तुटवड्याचें उदाहरण म्हणून सांगतात, आणि तें बरोबरच आहे. मात्र सांठा संपला नसता तर त्याच्या देहांतला अगदीं शेवटचा जंतु मेला असता काय, हा प्रश्न त्या घाईंत कोणाला सुचण्यासारखा नव्हता.

त्याच ऑक्सफर्डच्या मंडळींत ए. डी. गार्डनर नांवाचे एक जंतुशास्त्रज्ञ होते. जंतु पुरते मरणार नाहींत इतकें थोडें पेनिसिलिन त्यांच्या पोषकद्रवांत मिसळलें तर काय होतें, हें त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें आणि १९४० सालींच 'नेचर' साप्ताहिकांत प्रसिद्ध केलें. आंखूड कांडीसारखे असणारे जंतु लांबत लांबत दोऱ्यासारखे झाले होते, आणि कांहीं फुगले होते. वाढ चालू, पण एकाचे दोन होणें थांबलेलें, असा तो प्रकार होता. औषधानें जंतु मरतो याचें सर्वांना कौतुक होतें. औषधानें जंतूचें रूप पालटतें, ही गोष्ट गार्डनर यांच्या चार ओळींच्या टिपणांतून पुढें आली.

असें कां व्हावें, याचा नीट उलगडा व्हावयास आणखी सतरा वर्षें लागलीं. जंतूच्या देहाभोंवतीं एक कठीण कवच असतें. आंतील रसाचा दाब बाहेरच्या पाण्याहून कितीतरी अधिक असतो, आणि तो या कवचानेंच आवरून धरलेला असतो. जंतु वाढूं लागला म्हणजे हें कवच जागोजाग उकलून त्यांत नवा माल भरावा लागतो. बिऱ्हाड वाढलें कीं आपण भिंत फोडून खोली वाढवितों, तसेंच हें. पेनिसिलिन त्या बांधकामांत विघ्न आणतें, असें १९५७ सालीं अमेरिकेंत जेम्स पार्क व जॅक स्ट्रॉमिंजर यांनीं दाखविलें. भिंत तर फोडलेली आहे, आणि कोणीं तरी गवंड्याचा हात धरून ठेवला आहे, अशी जंतूची अवस्था होते, आणि आंतल्या दाबानें तो फुटून जातो. हा दृष्टांत श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढची सर्व हकीकत त्यांतून निघते. ज्यानें घर वाढवावयास काढलेंच नाहीं, त्याच्या गवंड्याचा हात धरून काय उपयोग?

न्यूयॉर्क येथें ग्लॅडिस हॉबी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४२ सालीं यांतलें अर्धें हेरलें होतें. पेनिसिलिन शेंकडा नव्याण्णव जंतूंना मारतें आणि एखादा टक्का मागें ठेवतें, व त्याचा मारा वाढत्या जंतूंवरच चालतो, असें त्यांना आढळलें. पण ही बाब जन्मभराचें कोडें म्हणून हातीं घ्यावी असें वाटलें तें जोसेफ वॉर्विक बिगर यांना.

प्रो. बिगर हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत जंतुशास्त्राचे प्राध्यापक. महायुद्धांत ते ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकदळांत लेफ्टनंट कर्नल होते, आणि युद्धानंतर आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाचे सभासदहि झाले. त्यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत १४ ऑक्टोबर १९४४ रोजीं छापून आला. त्या वेळीं पेनिसिलिनची कीर्ति शिगेला पोंचली होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याबरोबर औषधाच्या कुप्या गेल्या होत्या. अशा वेळीं 'हें औषध सर्व जंतु मारीत नाहीं' असें लिहिणारा माणूस विघ्नसंतोषी वाटावयाचा. बिगर यांच्या लिखाणांत मात्र तसा सूर नाहीं. औषध उत्कृष्ट आहे, मग कांहीं रोगी पूर्ण बरे कां होत नाहींत, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

प्रयोग साधा होता. गळवें व केसतुडें यांना कारण होणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतु त्यांनीं काचनळींतल्या पोषक रसांत वाढविले आणि त्यांत पेनिसिलिन घातलें. गढूळ झालेला रस निवळला. कोणीहि म्हटलें असतें कीं काम झालें. बिगर यांनीं त्या निवळलेल्या रसांत कोणी जिवंत उरलें आहे काय हें शोधलें, आणि थोडे जंतु उरलेले सांपडले. प्रमाण काढलें तें सुमारें दहा लाखांत एक इतकें निघालें. आतां हे बचावलेले जंतु इतरांहून बळकट असतील, तर त्यांची प्रजाहि बळकट निघाली पाहिजे. बिगर यांनीं त्यांची प्रजा वाढविली आणि तिच्यावर पुन्हां पेनिसिलिन सोडलें. ती प्रजा पहिल्या पिढीइतकीच पटापट मेली, आणि पुन्हां तसेच थोडेसे मागें उरले! आमच्या शिक्षकी भाषेंत सांगावयाचें तर, नापासांच्या यादींत ज्याचें नांव नाहीं तो मुलगा हुशार होता असें नव्हे. परीक्षेच्या दिवशीं तो गैरहजर होता.

या उरलेल्यांना बिगर यांनीं 'पर्सिस्टर' असें नांव दिलें. मराठींत त्यांना 'चिवट' म्हणावें तर उगाच बळाचा भास होतो. मला 'शेषजंतु' हा शब्द बरा वाटतो. ऋणशेष, अग्निशेष आणि शत्रुशेष हे शब्द आपल्याकडे जुनेच आहेत, आणि त्यांचा धाक कां बाळगावयाचा हेंहि आपल्याला पिढ्यानपिढ्या शिकविलें आहे.

शेषजंतु म्हणजे वाढ थांबवून स्वस्थ बसलेले जंतु, असा बिगर यांचा तर्क होता. तो त्यांनीं उलट्या बाजूनेंहि तपासला. सर्वच जंतूंची वाढ मुद्दाम रोखली, थंडींत ठेवून, अन्न तोडून, किंवा बोरिक ॲसिड घालून, तर पेनिसिलिनची धार बोथट होते कीं नाहीं? होते, असें आढळलें. म्हणजे जंतूला आपण ज्या उपायानें निपचित पाडूं, तोच उपाय त्याला औषधापासून वांचवितो. ही गोष्ट चमत्कारिक वाटली तरी गवंड्याच्या दृष्टांताशीं ती तंतोतंत जुळते. आणि तो दृष्टांत ज्या शोधावर उभा आहे तो शोध तेव्हां लागलेलाहि नव्हता, हें विसरूं नये.

आतां उपाय काय? येथें प्रो. बिगर यांना आपल्याच देशांत जन्मलेल्या एका थोर शास्त्रज्ञाची आठवण होणें साहजिक होतें. आयर्लंडच्या कार्लो परगण्यांत जन्मलेले जॉन टिंडल हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें संशोधन करीत. वाळलेल्या गवताचा काढा कितीहि उकळला तरी पुढें नासतो, याचा त्यांना त्रास होई. त्या काढ्यांत जंतूंचीं बीजें असत, आणि तीं उकळण्याला दाद देत नसत. १८७७ सालीं टिंडल यांनीं युक्ति काढली ती अशी: काढा थोडा वेळ उकळावा, मग निवूं द्यावा, बीजांना वाटतें संकट टळलें, तीं रुजतात, रुजलीं कीं पुन्हां उकळावा. असें दोनतीनदां केलें म्हणजे काढा निर्जंतुक होतो. देशावरच्या शेतकऱ्याला हें शिकवावें लागत नाहीं. पहिल्या पावसावर उगवलेलें तण तो कुळवानें मारतो, दुसऱ्या सरीवर राहिलेलें बीं उगवूं देतो, आणि मग पुन्हां कुळव फिरवितो. बिगर यांची सूचना अशीच होती. पेनिसिलिन सतत देऊं नये. द्यावें, थांबावें, शेषजंतु जागे होऊन वाढूं लागले कीं पुन्हां द्यावें.

सूचना मोठी सुंदर, पण ती प्रचारांत आली नाहीं, आणि माझ्या मतें वैद्यांनीं ती न स्वीकारली हें शहाणपणाचेंच झालें. काचनळींतले सर्व जंतु एका वेळीं जागे करतां येतात. आजारी माणसाच्या देहांत कोणता जंतु कोठें दडून बसला आहे आणि तो केव्हां जागा होईल, हें वैद्याला कसें कळावें? थांबलेल्या काळांत रोगच बळावला तर? उपाय बाजूला पडला यांत नवल नाहीं. नवल हें कीं, उपायाबरोबर शोधहि बाजूला पडला.

याला कारणें होतीं. पहिलें असें कीं, सामान्य आजारांत शेषजंतूंनीं कांहीं बिघडत नाहीं. रक्तांतल्या पांढऱ्या पेशी उरलेसुरले जंतु गिळून टाकतात. ज्या जागीं पांढऱ्या पेशींचा हात पोंचत नाहीं, जसें हृदयाच्या झडपांवर बसलेला रोग किंवा हाडांत शिरलेला पू, तेथेंच शेषजंतु घात करतात. पण असे रोगी थोडे. दुसरें कारण, खऱ्याखुऱ्या प्रतिकारी जंतूंनीं सर्वांचें लक्ष वेधून घेतलें. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर यांनीं दाखविलें कीं, १९४८ पर्यंत तेथील रोग्यांत सांपडणाऱ्या स्टॅफिलोकॉकसपैकीं निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला मुळींच जुमानीत नव्हते. घराला आग लागलेली असतांना राखेंतला निखारा कोण शोधतो? तिसरें कारण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. शेषजंतु हातीं धरून ठेवतां येत नाहींत. दहा लाखांत एक तो असावयाचा. त्याला वेगळा काढून वाढवूं जावें, तर तो वाढूं लागतो त्याच क्षणीं तो शेषजंतु राहत नाहीं. पाहूं गेल्यानें जें नाहींसें होतें, त्याच्यावर आयुष्य वेंचणारे लोक कमीच. तशांत नवीं नवीं औषधें निघत होतीं आणि स्वस्तहि होत होतीं. आपल्या पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन याच मातींत तयार होऊं लागलें. भरल्या कोठाराच्या दारांत तुटीचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

स्वस्थ पडून राहणें हा जंतूचा एक मार्ग झाला. दुसरा मार्गहि गवंड्याच्या दृष्टांतांतच दडलेला आहे. ज्याला भिंतच नाहीं, त्याचें गवंड्यावांचून काय अडतें?

या दुसऱ्या मार्गाची हकीकत एमी क्लीनेबर्गर या विदुषीपासून सुरू होते. त्या फ्रॅंकफर्टच्या. ज्यू म्हणून १९३३ सालीं नाझी राजवटींत त्यांना जर्मनी सोडावी लागली, आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनें त्यांना आश्रय दिला. तेथें उंदीर चावल्यानें होणाऱ्या तापाचे जंतु वाढवीत असतां त्यांना बशींत नेहमींच्या जंतूंबरोबर निराळ्याच, मऊ, वेड्यावांकड्या आकाराच्या वसाहती आढळल्या. १९३५ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें, आणि आश्रय देणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरावरून त्या रूपाला 'एल' हें नांव दिलें. आपला देश गमावलेल्या बाईनें आपल्या शोधाला अशा रीतीनें यजमानाचें नांव द्यावें, हें मला फार मोठेपणाचें वाटतें. त्यांचा समज मात्र असा होता कीं, हा एक निराळाच जीव असून तो त्या जंतूच्या सोबतीनें राहतो. बॉस्टन येथील लुई डीनेस यांनीं प्रतिपादन केलें कीं, निराळा जीव वगैरे कांहीं नसून कवच टाकलेला तोच जंतु आहे. वाद बरींच वर्षें चालला, निकाल डीनेस यांच्या बाजूनें लागला, आणि क्लीनेबर्गरबाईंनीं पुढें तो मानला.

सापानें कात टाकावी तसें हें. फरक इतकाच कीं सापाला खालीं नवी कात आलेली असते, आणि या जंतूला खालीं कांहींच नसतें. साध्या पाण्यांत तो तात्काळ फुटतो. पण भोंवतालचा द्रव पुरेसा दाट असेल तर आंतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो, आणि तो उघडानागडा जंतु जगतो. जोशुआ लेडरबर्ग यांनीं १९५६ सालीं हें अगदीं स्वच्छ करून दाखविलें. साखर घालून दाट केलेल्या द्रवांत आंतड्यांतील कोलाय जंतूंवर त्यांनीं पेनिसिलिन सोडलें. कांडीसारखे जंतु गोल गोळे झाले, पण मेले नाहींत. पेनिसिलिन काढून घेतल्यावर ते पुन्हां कवच बांधून पूर्ववत् कांड्या झाले. तेव्हां या जंतूच्या बाबतींत पेनिसिलिनचें काम मारण्याचें नसून कपडे उतरविण्याचें होतें. मारण्याचें काम पाण्यानें करावयाचें, आणि पाणी दाट असेल तर तें होत नाहीं.

यानंतर या विषयाचें जें झालें तें शोचनीय आहे. पुढच्या वीसपंचवीस वर्षांत ज्या रोगाचें कारण सांपडत नाहीं त्याला 'एल' रूप कारण आहे असें म्हणण्याची कांहीं लोकांना खोड लागली. बश्या अस्वच्छ, निरीक्षणें ढिलीं, आणि निष्कर्ष मोठे. गंभीर संशोधक या प्रांतापासून दूर सरले. इंग्लंडांत न्यूकॅसल येथें जेफ एरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेनें २००९ सालापासून तो पुन्हां शिस्तीनें हातीं घेतला. २०१९ सालीं तेथील मंडळींनीं ज्यांचा मूत्रमार्गाचा विकार बरा होऊन पुनःपुन्हां उलटतो अशा वृद्ध रोग्यांची ताजी लघवी तपासली. ३० पैकीं २९ जणांत कवच टाकलेले जंतु सांपडले. लघवी हा दाट द्रव आहे, हें येथें आठवावें. एका रोग्याच्या लघवींतला असा जंतु औषध दूर झाल्यावर सुमारें पांच तासांत कवच चढवून पुन्हां कांडीसारखा झालेला त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. रोग उलटण्याचें हेंच एक कारण आहे असें त्या मंडळींनीं म्हटलेलें नाहीं. 'शक्य आहे' इतकेंच म्हटलें आहे. मागच्या पिढीच्या उतावळेपणानंतर हा संयम मला बरा वाटतो.

पण माणसाच्या देहांत शेषजंतु केवढा अनर्थ करतात, हें दाखविलें तें क्षयानें. क्षयाचा जंतु मुळांतच संथ. इतर कित्येक जंतु वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला वीस तासांच्या आसपास लागतात. फुप्फुसांतल्या जुनाट गांठींत, जेथें हवा पोंचत नाहीं, तेथें तो जवळजवळ थांबूनच राहतो. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, १९५२ सालीं आयसोनायझिड उपयोगांत आलें. एकच औषध दिलें तर जंतु त्याला दाद देईनासे होतात, म्हणून दोन किंवा तीन औषधें एकदम देण्याची पद्धत पडली. त्या पद्धतीनें प्रतिकाराचा प्रश्न बराचसा आटोक्यांत आला. तरीहि उपचार दीड दीड, दोन दोन वर्षें चालवावे लागत. आधीं थांबविले कीं रोग उलटे, आणि उलटलेल्या रोगांतले जंतु पुष्कळ वेळां त्याच औषधांना पूर्वींसारखेच दाद देणारे निघत. बिगर यांच्या नळींत जें घडलें होतें तेंच हें.

न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकशाळेंत वॉल्श मॅकडरमट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ सालीं याचा पुरावा दिला. उंदरांना क्षय टोंचून त्यांनीं बारा आठवडे आयसोनायझिड व पायराझिनामाइड हीं औषधें दिलीं. नंतर उंदरांचे अवयव तपासले, तर एकहि जंतु सांपडेना. सूक्ष्मदर्शकांत नाहीं, बशींत नाहीं, कोठेंच नाहीं. मग त्याच उपचारांतून गेलेले दुसरे उंदीर तीन महिने औषधावांचून ठेवले. त्यांतल्या कित्येकांच्या देहांत जंतु पुन्हां प्रकट झाले, आणि ते औषधाला नेहमींसारखे मरणारे होते. 'जंतु सांपडत नाहींत' आणि 'जंतु नाहींत' या दोन वाक्यांतलें अंतर या प्रयोगानें जितकें उघड केलें, तितकें दुसऱ्या कशानें केलें असेल असें मला वाटत नाहीं.

आतां ही गोष्ट आपल्या देशांत येते. दोन दोन वर्षें उपचार करावयाचे तर कोठें? आपल्याकडे क्षयी माणसाला पांचगणीस किंवा मिरजेस हवापालटाला न्यावें, अशी ज्यांना ऐपत होती त्यांची रीत होती; ज्यांना नव्हती ते घरींच खंगत. १९५६ सालीं मद्रासेंत क्षयोपचाराचें एक संशोधनकेंद्र निघालें. तेंच आजचें चेन्नईचें राष्ट्रीय क्षय संशोधन संस्थान. वॉलेस फॉक्स हे इंग्रज डॉक्टर त्याचे प्रमुख होते. शहरांतल्या दरिद्री वस्तींतले १९३ रोगी निवडून त्यांतील अर्ध्यांना आरोग्यधामांत ठेवलें आणि अर्ध्यांना, चिठ्ठ्या टाकाव्या तसे निवडून, घरींच औषधें दिलीं. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. वर्षअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. घरच्या रोग्यांचें अन्न निकृष्ट होतें, खोल्या कोंदट होत्या, विश्रांति कमी होती. तरी गुण औषधानें आला. घरांतल्या इतर माणसांना त्यामुळें अधिक धोका झाला नाहीं, हेंहि दिसलें. आरोग्यधामांचें युग संपलें तें मद्रासच्या या प्रयोगानें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु घरीं बसलेला रोगी वर्षभर औषध घेतो कीं नाहीं, हें कोणीं पाहावयाचें? खोकला थांबला, वजन वाढलें, कीं माणसाला औषध हें ओझें वाटूं लागतें. मद्रासच्या मंडळींनीं अवचित घरीं जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली, आणि गोळ्या घेतल्या असें सांगणारे पुष्कळ जण त्या घेत नाहींत असें त्यांना आढळलें. कर्मचाऱ्यानें समोर उभें राहून गोळी घेववावी, ही पुढें जगभर गेलेली पद्धत बऱ्याच अंशीं त्या अनुभवांतून निघाली. मी स्वतः शिक्षक असतांना, तिसऱ्या महिन्यांत 'आतां मला कांहीं होत नाहीं' म्हणून गोळ्या सोडून कामावर जाणारे पालक पाहिले आहेत. त्यांना अडाणी म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं. ताप नाहीं, खोकला नाहीं, थुंकींत जंतु नाहींत, आणि रोजची मजुरी बुडते. अशा माणसाला, तुझ्या देहांत न दिसणारे, न वाढणारे, न दुखविणारे जंतु आहेत असें सांगून पटवावयाचें, हें काम सोपें नव्हे.

येथें एक खुलासा केला पाहिजे. सर्वच आजारांत औषधाचे दिवस जितके अधिक तितकें चांगलें, असें मात्र नाहीं. साध्या आजारांत ठराविक मुदत पुरी करण्याच्या नियमाला फारसा आधार नाहीं, असा लेख कांहीं तज्ज्ञांनीं २०१७ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें लिहिला, आणि त्यावर बराच वाद झाला. कोणत्या आजाराला किती दिवस, हें आपल्या डॉक्टरांनीं ठरवावें. क्षयाबद्दल मात्र असा वाद नाहीं.

दीड वर्षाचे सहा महिने झाले ते रिफॅम्पिसिनमुळें. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्याजवळील मातींतून १९५७ सालीं मिलानच्या लेपेटिट कंपनीच्या लोकांनीं एक बुरशीसारखा जंतु मिळविला. त्याच्या रसापासून पुढच्या दशकांत हें औषध बनलें. १९७० सालापासून पूर्व आफ्रिकेंत घेतलेल्या परीक्षणांत आयसोनायझिड व रिफॅम्पिसिन यांसह सहा महिन्यांचे उपचार पुरतात असें दिसलें. डेनिस मिचिसन यांनीं याची उपपत्ति अशी लावली कीं, एकाच रोग्याच्या छातींत जंतूंच्या निरनिराळ्या टोळ्या असतात: भराभर वाढणारी, आंबट जागीं मंद पडलेली, मधूनच क्षणभर जागी होणारी, आणि पुरती झोपलेली. पहिलीला आयसोनायझिड मारतें, दुसरीला पायराझिनामाइड, तिसरीला रिफॅम्पिसिन. चौथीचें औषध मिचिसन यांनाहि सांगतां आलें नाहीं.

काचनळींतल्या शेषजंतूंकडे संशोधक परत वळले ते १९८३ सालीं, अमेरिकेंत हॅरिस मोयेड यांनीं कोलाय जंतूंत असा एक आनुवंशिक बदल शोधला तेव्हां, कीं ज्यानें शेषजंतूंची संख्या अनेक पटींनीं वाढते. आणि २००४ सालीं न्यूयॉर्क येथें नाताली बालाबान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ते प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिले. एकेक जंतु एका ओळींत राहील अशा केसाहून बारीक पन्हळी त्यांनीं केल्या, आणि औषध सोडण्यापूर्वींपासून सारखीं छायाचित्रें घेतलीं. औषध आलें, वाढणारे सर्व फुटले, आणि जे उरले त्यांची मागचीं छायाचित्रें काढून पाहिलीं. ते औषध येण्याच्या आधींपासूनच स्वस्थ होते! औषधानें भिऊन ते झोपले नव्हते. चांगल्या दिवसांतहि कांहीं थोड्यांनीं झोपून राहावें, अशी त्या वंशाची घडणच होती. बिगर यांच्या निबंधाला तेव्हां साठ वर्षें झालीं होतीं, आणि बिगर १९५१ सालींच निवर्तले होते. पुढें २०१७ सालीं बालाबान यांच्याच जेरुसलेममधील प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, जे जंतु औषधांतून असे तग धरून राहतात, त्यांच्या वंशांत खरा प्रतिकार लवकर उत्पन्न होतो. म्हणजे प्रारंभीं ज्या दोन कारणांचा आपण उल्लेख केला, त्यांतल्या दुसऱ्याचा पाळणा या तिसऱ्याच्या घरांत हलतो.

सहा महिन्यांचे चार महिने करतां येतील काय, हें पाहणारीं तीन मोठीं परीक्षणें २०१४ सालीं प्रसिद्ध झालीं. चार महिन्यांत थांबविलेल्यांत रोग उलटण्याचें प्रमाण अधिक निघालें. पण त्यांतहि पांचांपैकीं जवळजवळ चार रोगी चार महिन्यांतच बरे झालेले होते. पांचवा कोण, हें चार महिन्यांच्या अखेरीस खात्रीनें ओळखण्याची कोणतीहि तपासणी अजून हातीं आलेली नाहीं. त्या चौघांची थुंकी आणि पांचव्याची थुंकी सारखीच स्वच्छ दिसते.